मेडल टेबल

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण बे गेम्स आज सुरू होतायत. बंगालच्या उपसागराभोवतीचे सगळे देश (शिवाय समुद्र नसलेला भूतानही), दोन आठवडे, यंदा कोलंबोत. एवढा मोठा प्रसंग, आणि त्याची पद्धतशीर नोंद ठेवणारा माणूस इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये एकच. मी.

संकल्प: रोज मेडल टेबल करायचं, प्रिंट काढून लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायचं. कोणाशी वाद घालायचा नाही. चहात साखर अर्धी.

पद्धत साधी. आधी गोल्ड. गोल्ड सारखी असली तरच सिल्व्हरकडे बघायचं. ब्रॉन्झपर्यंत जायची वेळ येऊच नये. तिसरा आलेला माणूस म्हणजे ज्याला दोघांनी हरवलं तो. यात मोजण्यासारखं काय आहे?

लिहायचं टेबल डुगडुगत होतं, त्याची काल सोय केली. कावेरीला गेल्या महिन्यात चालण्याच्या शर्यतीत ब्रॉन्झ मिळालं होतं (पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांचा गट, राज्य पातळी वगैरे, पण गटात बायका होत्या किती, ते विचारू नये). ते पुढच्या डाव्या पायाखाली चपखल बसलं. जाडी अगदी हवी तेवढी. वरच्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती आणि त्यांची मिसेस कॉफीला आले होते, त्यांनाही दाखवलं. म्हटलं, बघा, शेवटी ब्रॉन्झचा उपयोग सापडला. कृष्णमूर्ती हसले. कावेरी हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतो.

ती आज सकाळी भावाकडे गेली, के. आर. पुरमला. दोन बॅगा आणि चालायचे बूट. चार-पाच दिवसांसाठी दोन बॅगा, बायकांचं पॅकिंग.

एक गोष्ट मात्र नोंद करण्यासारखी. कावेरीचं घराणं बेंगळूरात तीनशे वर्षांपासून आहे, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं. घराबाहेर पडताना ही लग्नापासून 'जाऊन येते' म्हणते. हे सरळसरळ 'होगि बर्तीनि'चं भाषांतर. मी पुण्याचा (दौंडचा, पण जिल्हा पुणेच) असल्यामुळे कानाला खटकतं. किती वर्षं सांगतोय की एवढं लांबण कशाला, एकच क्रियापद पुरे. आज दारात उभी राहिली, बॅगा उचलल्या आणि म्हणाली, 'जाते.'

एकच क्रियापद! शेवटी सुधारणा झाली. खरं तर 'येते' ठेवून 'जाऊन' काढायचं होतं, तिने उलटं केलं. परत आली की समजावीन.

रविवार, ८ फेब्रुवारी

भारत पहिला! गोल्ड सहा. थायलंड चार, इंडोनेशिया तीन. बोर्डावर लावलं. खाली सही केली: रत्नाकर, फ्लॅट २०४.

लिफ्टमध्ये कृष्णमूर्ती. बँकेतून रिटायर झालेले, वेळ भरपूर. विचारत होते, 'मेडम यावाग बर्तारे?' म्हणजे कधी येणार. कन्नड मला पूर्ण समजतं, फक्त बोलत नाही. मी सफाईने 'थर्सडे' म्हणालो. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. माझ्या कन्नडचं आश्चर्य वाटलं असणार.

कावेरी नाही म्हणजे टीव्ही माझा. तिरंदाजी पूर्ण बघितली, मध्ये कुणी भाजीला काय करू विचारलं नाही. शांतता म्हणजे काय चीज आहे!

सोमवार, ९ फेब्रुवारी

टेबल कावेरीला व्हॉट्सअॅपवर पाठवतोय, रोज. निळ्या टिक्स येतात. म्हणजे वाचते. म्हणजे रस घेतेय. उत्तर नाही, पण टेबलाला उत्तर तरी काय देणार.

संध्याकाळी दिवा लावायला गेलो. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा नाही. सासूबाईंनी लग्नात कावेरीच्या ओटीत घातलेली, पितळेची, हातात पळी. पॉलिशला नेली असणार. के. आर. पुरमला पितळेचं काम चांगलं करतात असं ऐकून आहे. कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही. सांगून न्यायला हवी होती, एवढंच. बाळकृष्ण एकटाच रांगतोय, बाजूची जागा रिकामी. बरं दिसत नव्हतं म्हणून तिथे काडेपेटी ठेवली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ऑफिसचा दिवस. कोणाच्याच डोक्यात बे गेम्स नाहीत. क्रिकेट, क्रिकेट आणि शेअर मार्केट. असल्या देशाला गोल्ड कुठून मिळणार?

मिळालीही नाहीत. थायलंडने एका दिवसात पाच घेतली. आपण दुसरे.

घरी येऊन शांतपणे विचार केला. नुसतं गोल्ड मोजणं हे खरं म्हणजे सरंजामी आहे. एकाला डोक्यावर घ्यायचं आणि मागच्या दोघांना लाथाडायचं? सिल्व्हरवाला काय झोपा काढत होता? आधुनिक जग एकूण पदकं मोजतं. एकूण मोजली तर भारत पहिला, आणि तेही चांगल्या फरकाने. नवीन टेबल लावलं.

कृष्णमूर्ती म्हणाले की परवा तुम्हीच ब्रॉन्झवर हसला होता. मी म्हटलं, मेथडॉलॉजी इव्हॉल्व्ह होते. वाद घातला नाही. संकल्प पाळला.

(साखर: दोन चमचे. बुधवार धरायचा नाही.)

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कावेरी आली नाही.

गुरुवारी येणार असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं, हे आठवायला बसलो. मीच कृष्णमूर्तींना सांगितलं होतं. असो.

फोन केला. तिने आधी विचारलं की जेवलात का. मग पाण्याचा टँकर आला का, मोटर बंद केली का. मी म्हटलं, ते राहू दे, ऐक, आपण एकूणमध्ये पहिले आहोत. आणि सगळी पद्धत समजावून सांगितली.   मग तिने विचारलं की ह्या एकूणमध्ये ब्रॉन्झ धरतात काय. मी म्हटलं, अर्थात! गोल्ड एक तर ब्रॉन्झही एक, पूर्ण एक. तर 'सरी' म्हणाली आणि फोन ठेवला.

'सरी' नाही, 'बरं' म्हणावं. बावीस वर्षं सांगतोय. पण आज दुरुस्त करायच्या आधीच फोन बंद.

कधी येणार ते विचारायचं राहिलं. विषयच तसा रंगला होता.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सकाळी हर्षिताचा फोन. मुलगी म्हैसूरला हॉस्टेलवर आहे, दुसऱ्या वर्षाला. तिने माझं टेबल पाहिलं आणि म्हणाली की लोकसंख्येने भागून बघा, तेच खरं कंपॅरिझन. हुशार आहे पोरगी, माझ्यावर गेलीय. लगेच बसलो.

निकाल: भूतान पहिला. एक तिरंदाज, एक गोल्ड, आणि अख्खा देश पहिला! भारत शेवटून पहिला. एक्सेलमध्ये तपासलं, फॉर्म्युला बरोबर. पुन्हा केलं. भूतान पहिला.

लोकसंख्येने भागणं ही पाश्चात्त्य पद्धत आहे. त्यांच्याकडे माणसं कमी म्हणून त्यांना परवडते. शीट डिलीट केली.

हर्षिता आणखीही बरंच बोलली. म्हणाली, बाबा, आईला तिकडे जाऊन आठवडा झाला, तुम्ही एकदा तरी गेलात का? मी म्हटलं सिल्क बोर्डला किती ट्रॅफिक असतं तुला म्हैसूरला बसून काय कळणार. ती म्हणाली, बाबा, ते मेडल. मी म्हटलं, कुठलं? इंडोनेशियाचं? मग तिनेही फोन ठेवला. या घरातल्या बायकांना फोन पूर्ण करायची सवय नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास धरला. कावेरी धरते म्हणून मीही, म्हणजे घरात कुणीतरी. साबुदाण्याची खिचडी केली. एकसंध झाली. कढईला उलटं केलं तरी पडली नाही. दुपारी कृष्णमूर्तींच्या मिसेसने डबा पाठवला, उपासाचा. त्यांना कसं कळलं? वास वरपर्यंत गेला असावा.

संध्याकाळी शोकेसची काच पुसायला हवी असं वाटलं. आत माझं 'स्टार परफॉर्मर' मेडल आहे, कंपनीने दिलेलं, गोल्ड (म्हणजे प्लेटेड). त्या वर्षी अख्ख्या टीमला दिलं होतं, पण गोल्ड ते गोल्ड. कावेरीने म्हैसूरची ती शर्यत करून आल्यावर विचारलं होतं की माझंही तिथेच शेजारी ठेवू का. मी म्हटलं, गोल्डशेजारी ब्रॉन्झ ठेवलं की गोल्डचा उठाव उगाच जातो. तेव्हा ती 'सरी' पण म्हणाली नव्हती.

काच उद्या पुसू.

घर शांत आहे. शांतता मला आवडते असं मी जन्मभर सांगत आलोय. एवढी नाही आवडत.

ठरलं. पुढच्या रविवारी के. आर. पुरम. आत्ताच गेलो असतो, पण स्पर्धा अर्ध्यावर आहे. अशा वेळी भारताला सोडून जाणं बरं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

एकूणमध्येही थायलंड पुढे गेला. त्यांनी सेपाक तकरावमध्ये सगळी मेडलं उचलली. पायाने खेळायचा व्हॉलीबॉल! ज्या खेळाचं नाव मला दोनदा सलग बरोबर उच्चारता येत नाही तो खेळ मी धरणार नाही. वगळला. मग इंडोनेशिया पुढे आला. त्यांचं सिलाट, म्हणजे तिकडची कराटेसारखी हाणामारी, वगळलं. मग श्रीलंका तिसऱ्यावरून दुसरी. यजमानांना घरच्या प्रेक्षकांचा फायदा मिळतो म्हणून त्यांची पाव पदकं कापली. एवढं करून भारत कसाबसा दुसरा.

बोर्डावर लावलं. संध्याकाळी बघतो तर खाली कुणीतरी पेनने लिहिलेलं: 'सर, आमच्या कबड्डीचं काय करणार?' खोडून काढलं. सही नसलेल्या मजकुराला उत्तर देत नसतो.

रघुपतीचा फोन. कावेरीचा धाकटा भाऊ, मऊ बोलतो, घाई नाही कशाची. 'भावजी, अक्काचं आधार कार्ड आणि डिग्रीचं सर्टिफिकेट तेवढं कुरिअर करता का' म्हणाला. मी म्हटलं कशाला? तर म्हणाला, व्हाइटफील्डच्या एका शाळेत स्पोर्ट्स टीचर पाहिजे आहे, अक्काला बोलावलंय. आणि म्हणाला, अक्का आता रोज सकाळी तळ्याला फेऱ्या घालते, मी घड्याळ लावून उभा राहतो, स्वल्प स्वल्प टाइम कमी होत आलाय.

मला हसू आलं. इलेक्ट्रॉनिक सिटीहून रोज व्हाइटफील्डला जाणार कशी? दोन-दोन तास जातील. के. आर. पुरमहून मेट्रोने जवळ पडतं, पण इथून? एवढी साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आलेली नाही. कागद पाठवले, पण रघुपतीला सांगून ठेवलं, की बाबा रे, अंतराचा विचार करा.

तो म्हणाला, 'केलाय, भावजी.'

घड्याळ धरून उभं राहायचं काम तिने आधी मला सांगितलं होतं. पहाटेचं. दोनदा की तीनदा. मी म्हटलं होतं की चालायला घड्याळ कशाला लागतं, माणसं भाजी आणायलाही चालतात.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. बायकांची वीस किलोमीटर चालण्याची शर्यत होती.

टाकायचं काही कारण नव्हतं. पण टाकली.

हा खेळ मी कधी बघितलाच नव्हता. दिसायला विचित्र, कंबर इकडून तिकडे, हात कोपरात दुमडलेले. कावेरी पार्किंगमध्ये असं चालायची तेव्हा मी गॅलरीतून म्हणायचो, अगं बदकं लाजतील. खाली खेळणारी मुलं हसायची. ती वर बघायची नाही.

नियम असा की एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा. दोन्ही उचलले की धावणं झालं. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात. आधी पिवळं पॅडल दाखवतात, म्हणजे सांभाळ. ऐकलं नाही तर रेड कार्ड, पण ते चालणाऱ्याच्या तोंडावर दाखवत नाहीत, गुपचूप पुढे पाठवतात आणि लांब एका बोर्डावर लाल ठिपका लागतो. बोर्डाकडे लक्ष नसेल तर आपल्याला किती ठिपके लागलेत ते कळतही नाही. माणूस मजेत चालत राहतो. मग शेवटी मुख्य पंच समोर येऊन थांबवतो. थायलंडची एक जण तशीच बाद झाली. तिचा चेहरा बघवत नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

भारताची मुलगी पाचवी होती, मग चौथी. शेवटच्या फेरीत तिच्या पायाला गोळा आला, स्पष्ट दिसत होतं, पण तिने पाय नाही उचलला, घासत घासत तसाच टेकवला आणि तिसरी आली. मी उभा राहून ओरडत होतो. खालच्या मजल्यावरून कुणीतरी झाडूने छत ठोकलं. रडलो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

ब्रॉन्झ. तिच्या गळ्यात निळी रिबन. तिने ते हातात धरून उलटसुलट करून बघितलं, आणि मग स्टँडमध्ये कुणाला तरी दाखवलं. घड्याळ धरणारा कोणीतरी असेल.

कावेरीनेही मला दाखवलं होतं. दारातच, चपला काढायच्या आधी. मी कुठलं तरी बिल भरत होतो फोनवर. म्हटलं, ठेव तिथे.

मला भीती वाटतेय. कसली ते लिहीत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भीती निराधार होती! रात्री नीट झोप लागली आणि सकाळी दाढी करताना फॉर्म्युला सुचला.

आत्तापर्यंत सगळं जग उलटं चाललंय. गोल्डला काय लागतं? टॅलेंट, पैसा, नशीब. ब्रॉन्झला लागते जिद्द. ब्रॉन्झवाल्याला माहीत असतं की पहिला येणं आता शक्य नाही, तरी तो सोडत नाही. म्हणून: ब्रॉन्झ तीन गुण, सिल्व्हर दोन, गोल्ड एक.

भारताची ब्रॉन्झ सर्वांत जास्त आहेत. म्हणजे भारत पहिला. सेपाक तकराव परत घेतलं, सिलाट घेतलं, श्रीलंकेची पाव पदकं परत दिली, तरी भारत पहिला! इतका स्वच्छ निकाल दोन आठवड्यांत प्रथमच.

आणि नाव काय दिलं? 'कावेरी निर्देशांक.'

आता बघतो कशी येत नाही ती. कुठल्या नवऱ्याने बायकोच्या नावाने निर्देशांक काढलाय? दागिने काय, कोणीही देतं.

योजना: रविवारी सकाळी जायचं, टेबल लॅमिनेट करून द्यायचं, दुपारचं जेवण तिकडेच, चारच्या सुमाराला दोघांनी निघायचं. बॅगा दोन आहेत, कॅब करू. येताना अन्नपूर्णाही मांडीवर घेता येईल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

स्पर्धा संपली. अंतिम टेबल बोर्डावर लावलं. कृष्णमूर्तींनी चष्मा वर करून पूर्ण वाचलं, वरचं नाव पुन्हा वाचलं. म्हणाले, हे मेडमना दाखवलंत? मी म्हटलं उद्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'होगि बन्नि' म्हणाले. म्हणजे जाऊन या. कन्नडात असंच म्हणतात. वाईट नाही लागत कानाला.

लॅमिनेशन झालं, कडा गोल करून घेतल्या. निळा शर्ट इस्त्री केला, बाहीला चटका बसला, पण आत दुमडला की दिसत नाही. मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा सकाळी ताजा घेईन.

काडेपेटी देव्हाऱ्यातून काढली. जागा पुसून ठेवली.

रविवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

सिल्क बोर्डला ट्रॅफिक नव्हतं. बस अशी गेली की मीच गोंधळलो. उतरलो तेव्हा दुकानं उघडत होती.

दार रघुपतीने उघडलं. कावेरी तळ्यावरून नुकतीच आली होती, घाम पुसत होती. बारीक झालीय. बरी दिसत होती. मला बघून तिने पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं, ताटलीवर ग्लास ठेवून.

देव्हाऱ्यात अन्नपूर्णा होती. हळदकुंकू, डोक्यावर फूल. चकचकीत. पॉलिशचा माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

दाराशेजारी खिळ्याला एक मेडल टांगलेलं. ब्रॉन्झ, निळी रिबन. मी म्हटलं, वा, दुसरं कधी मिळालं? ती म्हणाली, दुसरं नव्हे, तेच. मी हसलो. म्हटलं, अगं ते तर आपल्या घरी आहे, टेबलाखाली. मी रोज त्याच टेबलावर बसतोय, जरासुद्धा हललं नाही. ती म्हणाली, 'सरी, घरी गेल्यावर बघा.'

मग मी लॅमिनेट केलेलं दिलं. गजरा तसाच पिशवीत राहिला. तिने पूर्ण वाचलं. सगळे देश, खालपर्यंत, बोट ठेवून. नाव वाचलं तेव्हा बोट थांबलं. मला वाटलं झालं काम. तिने मान वर करून एवढंच विचारलं, की आपल्याला गोल्ड जास्त मिळाली असती तर हे काढला असता काय तुम्ही?

 मेथडॉलॉजी म्हणणार होतो. ग्लास ताटलीवर परत ठेवला. रघुपती आत जाऊन कुकरची शिट्टी बघत बसला.

ती म्हणाली की शाळेची नोकरी मिळाली, सोमवारपासून. म्हणाली, भांडण नाही हो काही. आणि ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

जेवून जावा म्हणाली. मी म्हटलं उपास आहे. कसला उपास? रविवारी? पण तोंडातून गेलं.

दारात चपला घातल्या. 'येतो' म्हणालो. यावर 'या' म्हणायचं असतं. कुठल्याही घरात म्हणतात, दूधवाल्यालाही म्हणतात. कावेरी म्हणाली, 'सावकाश जावा.'  दुरुस्त करावंसं वाटलं. 'जाऊन येते' म्हणायची ती, इतकी वर्षं, दूध आणायला निघाली तरी. त्या दिवशी दारात तिने काय म्हटलं होतं ते मला आज, दोन आठवड्यांनी, बसमध्ये कळलं. शेजारचा माणूस 'एन् सार, आरामा?' विचारत होता. मी हो म्हटलं.

घरी आलो. गजरा बाळकृष्णाला घातला, त्याला फार मोठा होतो.

मग टेबलाचा कोपरा उचलला. पुढच्या डाव्या पायाखाली माझं 'स्टार परफॉर्मर' होतं. सोनेरी बाजू खाली. शोकेसमध्ये बघितलं, धुळीत गोल डाग. तिने जायच्या आधीच बदललं असणार. पंधरा दिवस मी त्यावर कोपरं टेकून बसलो होतो आणि काच पुसायची उद्यावर टाकत होतो.

ते काढून शोकेसमध्ये ठेवायला गेलो. ठेवलं नाही. परत आणून पायाखाली सरकवलं.

टेबल अजिबात हलत नाही.